चौघांत तिघं

आमच्या घराण्यात माणसं बीपीनं जातात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. कुणी ते तक्रारीच्या सुरात म्हणत नसे. काही घरांत दमा असतो, काहींत टक्कल लवकर पडतं, आमच्यात बीपी. आजी, म्हणजे वडिलांची आई, पंचेचाळिशीच्या आत गेली. खळ्यावर मळणी चालू असताना "डोकं फुटतंय" म्हणून खाली बसली आणि दिवेलागणीपर्यंत संपली. तिचा भाऊ अंगावर सूज येऊन, लघवी बंद होऊन गेला. त्यांच्या वडिलांनी पन्नाशी पाहिली नाही एवढंच माहीत होतं. त्या काळात पन्नाशी न पाहणं ही काही विशेष गोष्ट नव्हती, म्हणून त्याबद्दल कुणी जास्त बोललंही नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. १९९७ साली त्यांच्या पाठीत दुखायला लागलं. मुतखडा असेल म्हणून कराडला सोनोग्राफी केली. डॉक्टर बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला किडनीचा त्रास?" आबा म्हणाले, "नाही. आमच्यात फक्त बीपी असतं."

रिपोर्टात उजवी किडनी सतरा सेंटिमीटर लांब होती, डावी त्याहून थोडी मोठी. निरोगी माणसाची दहा ते बारा असते. दोन्हींत पाण्यानं भरलेल्या लहानमोठ्या गाठी खच्चून होत्या. आजाराचं नाव लिहिलं होतं पॉलिसिस्टिक किडनी. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र जवळजवळ नॉर्मल आलं, त्यामुळे घरातले निर्धास्त झाले. या आजाराची हीच लबाडी आहे. एकेका किडनीत रक्त गाळणारे दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म घटक असतात. गाठी वाढतात तसतसे उरलेले घटक जास्तीचं काम ओढत राहतात आणि कैक वर्षं रक्ताच्या तपासणीला पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा किडनीचा बराचसा भाग हातचा गेलेला असतो. बीपी मात्र त्याच्या खूप आधी, कित्येकांचं तिशीतच वाढतं. म्हणजे आमच्या घराण्यातलं बीपी खरंच होतं, पण त्याच्या मुळाशी किडनी होती. आजीच्या डोक्याचाही उलगडा झाला. या आजाराच्या दहा माणसांत साधारण एकाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा येतो. इतर लोकांच्या तुलनेत हे प्रमाण बरंच मोठं आहे. तो फुटला की माणसाला खळ्यावरून घरी आणायलाही वेळ मिळत नाही.

पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी आबांना पुढ्यात बसवून कागदावर आमची वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं भरायचं. आजोबा चौऱ्याऐंशी वर्षं ठणठणीत जगले होते, त्यांचा चौकोन कोरा राहिला. आजीचा गोल काळा झाला. मग डॉक्टरांनी समजावलं. माणसाकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. मुलाला देताना माणूस त्यातली एकच देतो, आणि कोणती द्यायची हे त्याच्या हातात नसतं. बऱ्याच आजारांत दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच माणूस आजारी पडतो. इथे एक बिघडलेली आली तरी पुरते. दुसरी कितीही चांगली असो.

आबांना ते पटेना. त्यांचा सवाल मेकॅनिकचा होता. "गाडीला दोन पंप दिलेत, त्यातला एक चालू आहे, तर गाडी बंद का पडावी?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे वाचलं तेव्हा लक्षात आलं की आबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. किडनीतल्या बहुतेक पेशी त्या एका चांगल्या प्रतीवर खरोखरच नीट चालतात. पण माणूस जगतो तशा पेशी विभागत राहतात, आणि लाखोंतल्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही बिघडते. तिथून एक गाठ सुरू होते. ज्याला जन्मतः दोन्ही प्रती चांगल्या मिळाल्या आहेत त्याच्या पेशीत एक बिघडली तरी दुसरी असते. आमच्याकडे दुसरी नाही. गाळणाऱ्या घटकांपैकी अगदी थोड्यांतच गाठ होते, पण ती वाढते आणि शेजारच्या चांगल्या घटकांना दाबून मारते. दुखणं जन्मापासून असून चाळिशीपर्यंत गप्प का बसतं, याचंही उत्तर यातच आहे. मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पंप चालू आहे, स्पेअर नाही." त्यांच्या परीनं त्यांचं समाधान झालं.

२००५ च्या सुमारास क्रिएटिनिन चढत गेलं. हातावर फिस्टुला केला आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मग किडनी कोण देणार, हा प्रश्न आला. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि भावंडं धरलेली होती. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. आमच्यासारख्या घरातून ही यादी वाचली की तिचं वेगळंच रूप दिसतं. देऊ शकणाऱ्या भावंडांत आणि मुलांत प्रत्येकाला तोच आजार असण्याची शक्यता निम्मी. यादीत रक्ताबाहेरचं माणूस एकच, बायको.

तरी भावंडं आलीच. आत्या सगळ्यांत पुढे. साताऱ्याहून पहाटेच्या गाडीनं आली आणि आल्या आल्या म्हणाली, "माझी घ्या, मला या वयात दोन कशाला?" तिची सोनोग्राफी झाली आणि तिच्याही दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. देणारी म्हणून आत गेली, पेशंट होऊन बाहेर आली. मधल्या काकांचं तसंच. धाकटे काका तेवढे सुटले. चाळिशी उलटल्यावरही दोन्ही किडन्या स्वच्छ असतील तर हा आजार नाही असं धरतात, आणि त्यांच्या तशा होत्या. पण त्यांना मधुमेह होता, म्हणून त्यांची चालली नाही. शेवटी आईनं दिली. तिचा रक्तगट ओ, त्यामुळे त्या बाजूची अडचण नव्हती. अडचण निघाली ती वेगळीच. ती आबांची बायको आहे याचा पुरावा हवा होता, आणि खेड्यात झालेल्या लग्नाची नोंदणी कुणी केलेली नव्हती. लग्नाचे फोटो, रेशनकार्ड आणि आमचे शाळेचे दाखले घेऊन प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जावं लागलं. "तीस वर्षं स्वयंपाक केला त्याचा काही कागद मिळत नाही का?" असं आईनं मला बाहेर येऊन विचारलं. बदललेल्या किडनीत हा आजार येत नाही. आईची किडनी आबांना शेवटपर्यंत पुरली. ते गेले ते हृदयविकारानं.

चार भावंडांत तिघं निघाली, याचा गावाकडे फार बोभाटा झाला. डॉक्टर तर निम्मे म्हणाले होते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते, त्यामुळे हा हिशेब माझ्याकडे आला. निम्मी शक्यता ही घराची नसते, एकेका मुलाची असते. पहिल्याला आजार मिळाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. चार मुलांत बरोबर दोघांनाच तो असण्याची शक्यता साडेसदतीस टक्के आहे. तिघांना असण्याची पंचवीस. चौघांनाही, किंवा कुणालाच नाही, याची प्रत्येकी सव्वासहा. म्हणजे आमच्या घरात अघटित असं काही घडलेलं नव्हतं. पण माणसं याला वाटणीसारखं समजतात. दोन पोरांत एकाला आलं की दुसरा सुटला, असं आत्याच्या सासरी आजही बोलतात, आणि तो दुसरा खुशाल तपासणी टाळतो.

दुसरा बोभाटा आजीवरून. आजी ही आजोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अशी लग्नं पुष्कळ झाली आहेत. "नात्यात केलं, त्याची फळं," असं एक शहाणे पाहुणे मयतीच्या बैठकीत बोलून गेले. हे साफ चूक आहे. नात्यातल्या लग्नानं वाढतात ते दोन बिघडलेल्या प्रती लागणारे आजार. आईवडिलांच्या पूर्वजांत एकच माणूस असला तर दोघांकडेही तीच बिघडलेली प्रत दडलेली असू शकते. आमच्या आजाराला दुसऱ्या बाजूची गरजच नाही. आजीनं सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी संसार केला असता तरी तिच्या मुलांची शक्यता निम्मीच राहिली असती. दोष कुणाचा, हे ठरवायचंच असेल तर आजीच्या वडिलांपर्यंत जावं लागेल आणि तिथूनही मागं. घरात कुणालाच नसताना नव्यानं बिघाड होऊन सुरू झालेली उदाहरणंही आहेत, शंभरांत दहा-पंधरा. तेव्हा कुठल्याशा पिढीत, कुणाच्या तरी पोटी, तो एकदा सुरू झाला एवढंच म्हणता येतं.

हा आजार पिढ्यानपिढ्या असा सरळ उतरतो हे पक्कं केलं डालगार्ड नावाच्या डेन्मार्कमधल्या डॉक्टरनं. २८४ रुग्ण आणि त्यांची घराणी तपासून त्यानं १९५७ साली मोठा प्रबंध लिहिला. जनुकाचा पत्ता सापडला तो एका पोर्तुगीज कुटुंबामुळे. त्यातल्या आई आणि मुलगी यांना पॉलिसिस्टिक किडनी होती, मुलाला त्याच भागातल्या बिघाडाचा वेगळाच आजार होता. त्यांच्या सोळाव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे आपसांत अदलाबदल झालेले होते, आणि सोळावं जिथे तुटलं होतं नेमकं तिथे हे जनुक होतं. १९९४ साली ते हाती लागलं. त्याला पीकेडी-१ म्हणतात. चौथ्या गुणसूत्रावरचं पीकेडी-२ दोनेक वर्षांनी सापडलं. ते ज्या घरांत असतं तिथे किडनी सहसा सत्तरीपर्यंत तग धरते. पीकेडी-१ च्या घरांत पंचावन्न-साठीलाच बोलावणं येतं. आमचं कोणतं ते आबांच्या वयावरून कुणीही सांगेल. तरी एकाच घरात, एकच बिघाड असूनही, आबांना पंचावन्नला डायलिसिस लागलं आणि आत्याला पासष्टीपर्यंत लागलं नाही. जनुक एकच असलं तरी बाकीचं शरीर ज्याचं त्याचं असतं.

शाळेत नववीला मेंडेल शिकवताना माझी पंचाईत होते. उंच आणि बुटका वाटाणा, तीनास एक, पनेटची चौकट, हे मुलं घोकून टाकतात. पण तीनास एक हे प्रमाण दोन्ही पालकांकडे एकेक वेगळी प्रत असेल तेव्हाचं. माणसांच्या घरात प्रभावी आजार येतो तो बहुतेक वेळा एकाच पालकाकडून, म्हणून तिथे एकास एक. हे उदाहरण मी फळ्यावर काढते. ते माझ्या घरचं आहे हे सांगत नाही. आणखी एक गोष्ट मी बंद केली आहे. प्रभावी गुण म्हणून जीभ गोल वळवण्याचं उदाहरण सर्रास देतात. अमेरिकेतल्या स्टर्टेव्हंट यांनी १९४० साली तसं मांडलं होतं खरं, पण पुढे अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं आणि दुसऱ्याला नाही, असं दिसलं. कानाच्या पाळीचं प्रकरणही इतकं सोपं नाही. तरी वर्गात साठ जिभा बाहेर येतात, आणि एखादं पोर घरी जाऊन आईबापांच्या जिभा तपासतं. आईला जमत नाही, बापाला जमत नाही आणि आपल्याला जमतं, म्हणजे आपण कुणाचे, असा घोळ त्याच्या डोक्यात बसतो. चुकीच्या उदाहरणानं घरात संशय पेरायची काय गरज?

मधल्या काकांनी एकदा जत्रेच्या जेवणावर विचारलं, "प्रभावी म्हणतेस, मग पाचसहा पिढ्यांत अख्खा तालुका आमच्यासारखाच होईल की." सगळे हसले. पण नेमका हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजच्या आसपास गंभीरपणे विचारला जात होता. तिथे मुद्दा आखूड बोटांचा होता. त्या गुणाला १९०५ च्या सुमारास माणसातलं मेंडेलचं पहिलं प्रभावी उदाहरण म्हणून मान मिळाला होता, आणि कुणीतरी शंका काढली की मग कालांतरानं चारांतल्या तिघांची बोटं आखूड का होऊ नयेत? चौकटवाल्या पनेट यांनी हा प्रश्न आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या गणितज्ञ मित्रापुढे टाकला. तो मित्र म्हणजे जी. एच. हार्डी, आपल्या रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे. हार्डींनी १९०८ साली छोटंसं पत्र लिहून दाखवलं की प्रभावी असण्याचा आणि समाजात पसरण्याचा संबंध नाही. बाकी काही ढवळाढवळ नसेल तर प्रमाण पिढ्यानपिढ्या होतं तेवढंच राहतं. आमचा आजार जगभर साधारण हजारात एकाला असतो असं धरतात. तालुका सुरक्षित आहे, असं मी काकांना सांगितलं. "बरं झालं," ते म्हणाले, "नाहीतर किडनी मागायची कुणाकडं?"

माझी स्वतःची सोनोग्राफी मी २००७ साली केली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. घरात आजार असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून तीन गाठी दिसल्या तरी निदान पक्कं धरतात. माझ्या त्याहून बऱ्याच होत्या. जनुकाची तपासणी करायची गरज पडली नाही. ती किचकटही असते, कारण पीकेडी-१ च्या जवळच, त्याच गुणसूत्रावर, त्याच्या सहा निकामी नकला बसलेल्या आहेत आणि खरं कुठलं ते वेगळं काढावं लागतं. तेव्हापासून बीपीची गोळी, जेवणात मीठ कमी, पाणी भरपूर, आणि वर्षाकाठी तपासण्या. टॉलव्हॅप्टन नावाचं एक औषध गाठींची वाढ मंदावतं, पण त्यानं दिवसभर आणि रात्रभर लघवीला पळावं लागतं आणि यकृतावर सतत लक्ष ठेवावं लागतं. सलग चार तास असणाऱ्या बाईला ते कसं जमायचं, ते औषध शोधणाऱ्यांनी आमच्या शाळेत येऊन पाहावं. मी अजून घेत नाही. विम्याचा अर्ज भरताना मी आजार लिहिते. आनुवंशिक आजार म्हणून सरसकट विमा नाकारणं भेदभावाचं आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली म्हटलं. प्रत्यक्षात एजंटाचा चेहरा पडायचा तो पडतोच.

लग्नाच्या बाबतीत मात्र माझं आणि आत्याचं पटत नाही. मी म्हणते, सांगावं. ती म्हणते, "पत्रिकेत नाडी बघतात, किडनी कोण बघतंय? सांगितलं तर स्थळ परत जाईल." तिच्या थोरल्या मुलीच्या वेळी त्यांनी सांगितलं नाही. पुढे सगळं कळलं, आणि गंमत म्हणजे जावयानं काही खळखळ केली नाही. मूल होण्याआधी त्या दोघांनी समुपदेशन घेतलं. टेस्ट ट्यूबच्या मार्गानं, गर्भ तपासून, बिघडलेली प्रत नसलेला निवडता येतो हे त्यांना तिथे कळलं, खर्चही कळला. त्यांनी साध्याच मार्गानं मूल होऊ दिलं. चाळीस-पन्नास वर्षं चांगली जगता येणारा आजार टाळण्यासाठी किती दूर जायचं, हे ज्या त्या जोडप्यानं ठरवावं. बाहेरून बोलणं सोपं असतं.

माझ्या मुलीची लहानपणी सोनोग्राफी केली नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा बीपी मोजा, बाकी तिला मोठी होऊ द्या. अठरा पूर्ण झाल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं पुढे तपासणी करून घेतली. निकाल तिचा आहे, तो मी इथे लिहीत नाही.

राहिला माझा धाकटा भाऊ. पुण्यात नोकरी, दोन मुलं, थोरली कॉलेजात. त्यानं कधीच तपासून घेतलं नाही. "कळून काय करायचंय? उपाय तर नाही," हे त्याचं म्हणणं. आबांच्या वेळी ते खरंही होतं. आता तितकं खरं राहिलेलं नाही. नुसतं बीपी वेळेवर धरलं तरी पुष्कळ फरक पडतो. मी त्याला एकदा म्हटलं, तुला नसेल तर तुझी दोन्ही पोरं कायमची मोकळी, हा आजार एखादी पिढी गाळून पुढच्या पिढीत उगवत नाही. तो म्हणाला, "आणि असेल तर?" त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. विषय तिथे थांबला.

मागच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी त्याचं बीपी मोजलं. दीडशेच्या वर निघालं. त्यानं हात बदलून पाहिला, मग मशीन स्वस्तातलं आहे म्हणाला आणि जेवायला बसला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. सोनोग्राफीला उपाशी जायचं की पाणी पिऊन? मी सांगितलं, पोट रिकामं ठेव, पाणी पी आणि लघवी रोखून धर. तो म्हणाला, "रिपोर्ट तुला सांगायचा की नाही ते मी ठरवणार." म्हटलं, ठरव, पण मुलांना सांगशील ना?

"त्यांना काय सांगायचं?" तो म्हणाला. "अपॉइंटमेंट त्यांनीच घेतलीय."